दोन हात लांब

आधी मनगटावरचं घड्याळ काढायचं.
कॅसेटी उचलून पलीकडच्या फळीवर.
रेकॉर्डर बंद, वायरसुद्धा भिंतीतून उपटलेली,
कारण टेंभुर्णेकाकांचा बटणावर विश्वास नव्हता.

मग ती कांडी, डीमॅग्नेटायझर,
टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेली,
हेडला ओरखडा नको म्हणून.
चालू करायची ती लांबून. दोन हात लांबून.
गुणगुणत जवळ आणायची:
हेड, कॅपस्टन, बाजूच्या स्टीलच्या खुंट्या,
आणि तशीच, न थांबता, मागे मागे.
"लग्नातून निघते नं मानूस, सगळ्याइले भेटत भेटत,
तसं निघाचं. उठला अन् चालला, असं नाई जमत."

जवळ असताना बटण बंद केलं
तर लोखंडात तो शेवटचा क्षण तसाच राहतो.
पुढे त्याच्यावरून जी टेप जाईल
तिच्यातलं बारीक बारीक खातो:
बांगडी, श, स, चाळणीतून पडणारं पीठ.

"अन् मधातच लाइट गेली तं?"
मी सतराची होते. मे महिन्यात रोज दुपारी जायची.
"तं पुन्हा कराचं. येईपरेंत उसाचा रस पिऊन याचं."

काका गेले तेव्हा सोल्डरिंगचं आयर्न तापलेलंच होतं.
मीच काढलं प्लगमधून.

हंसापुरीच्या या खोलीत आता क्वचित कोणी येतं.
मागच्या मंगळवारी तांडापेठेतून कौसल्याबाई निखारे आल्या,
रुमालात नव्वद मिनिटांची एक कॅसेट,
पिशवीत रेकॉर्डर,
त्याच्या बेल्टची उन्हाळ्यांनी पार काकवी केलेली.
"गानं नाई यात. मानसाचा आवाजबी नाई.
आमच्या ह्याइचा माग हाय."

बेल्ट बदलला. स्पिरिटच्या कापसाने
हेडवरचा तपकिरी थर पुसला,
सहा काड्या लागल्या, सातवी पांढरी निघाली.
रबरी रोलरला स्पिरिट नाही, रबर तडकतं, त्याला साबणाचं पाणी.
मग कांडी, येताना जितकी सावकाश त्याहून जाताना सावकाश.
मग अ‍ॅझिमथचा स्क्रू, पाव आट्याहूनही कमी,
श्वास धरून.

आधी थप थप येत होतं, उशीवर मारल्यासारखं.
आता खट झालं.
खटच्या आत धोटा सरकल्याचा सर्र,
फणी बसल्याचा आवाज वेगळा, पायाखालच्या फळीचा वेगळा.
बाई स्टुलावर बसल्या होत्या, पाय हलत होता.

बाविसाव्या मिनिटाला सगळं गेलं.
मी म्हटलं, इथे टेपच खराब आहे, थर उडालाय,
थांबा, परत पुसून बघते.
"काई नोका करू. धागा तुटला इथं.
गाठ मारून राह्यले ते."

मी पंखा बंद केला.

आणि त्या शांततेत, माग सुरू व्हायच्या दोनेक सेकंद आधी,
एक अगदी पुसट खट.
गुंडाळलेल्या टेपमध्ये असं होतं,
एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थराला लागतं,
आवाज स्वतःच्या आधी येऊन थांबतो.
दोष आहे तो. काकांच्या वहीत दोषांच्या यादीत आहे,
उपाय या रकान्यात एक रेघ.

"आयकलं?" बाई म्हणाल्या.
"गाठ बसली का नाई, ते एकडाव
हलकंच मारून पाह्याचे. मंग सुरू."

हो, मी म्हटलं. ऐकलं.

बेल्टचे सत्तर रुपये घेतले.
निघाल्या, पण लगेच नाही:
दाराशी थांबल्या, पायरीवर थांबल्या,
रुमालासाठी परत आल्या.
कूलरजवळ ठेवू नका, मी ओरडून सांगितलं, मोटर असते त्यात.
त्यांनी वळून मान हलवली,
मग गल्लीच्या टोकावरून पुन्हा एकदा.